कुंपणावरचे करांदे: ओळखायचे कसे, खायचे कसे

मुंबई-पुण्याहून येऊन कोकणात जुनं घर घेतलेल्या माणसांकडून दर ऑक्टोबरात एक प्रश्न हमखास येतो. परसात वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नसतं, रान माजलेलं असतं, आणि पाऊस उघडल्यावर एके दिवशी दिसतं की आंब्यावर चढलेल्या कुठल्याशा वेलीला चक्क बटाटे लटकतायत. मग फोटो येतो आणि खाली दोनच शब्द: खायचे का?

ते करांदे असतात. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेलेत. दिवाळीच्या आगेमागे वसई-पालघरपासून मालवणपर्यंतच्या बाजारांत टोपल्या भरून येतात, उपवासाला चालतात, आणि ज्याला चव कळली तो दरवर्षी वाट बघतो. तरीही फोटो बघून मी कधीच ‘खा’ असं सांगत नाही. करांद्याच्या वेली दोन तऱ्हेच्या असतात, लावलेल्या आणि रानटी, आणि दोन्ही एकाच कुंपणावर सुखाने नांदतात. शिवाय त्याच कुंपणावर विषारी कळलावीही असू शकते, आणि तिच्याशी चुकून चालत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्या वर्षी वेल जूनपासून नोव्हेंबरपर्यंत बघा. कोंब, पान, खोड, कंद असं चार वेळा बघून मग तोंडात घाला. सहा महिने हा फार काळ वाटेल, पण एकदा ओळख पटली की ती आयुष्यभर पुरते.

नावांचा थोडा गोंधळ

करांदा, कारांदा, कडू करांदा, डुकरकंद ही सगळी याच वेलीची नावं. आयुर्वेदातला वाराहीकंद म्हणजेही बहुधा हीच वेल, कारण तिच्या जमिनीतल्या कंदावर डुकराच्या केसांसारखी राठ मुळं असतात. शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. लिनिअसने १७५३ साली दिलेलं हे नाव अगदी चपखल आहे, कारण बल्बिफेरा म्हणजे कंद धरणारी. कोनफळ, कणगी, घोरकंद, उलशी, वैचांदी ही सगळी तिची भावंडं, आणि त्या भावंडांत एक जहाल विषारी आहे, हे आत्ताच लक्षात ठेवा.

जून: कोंब

उन्हाळ्यात ही वेल दिसतच नाही. वरचं सगळं वाळून गेलेलं असतं, जीव जमिनीतल्या कंदात आणि मागच्या वर्षी पडलेल्या करांद्यांत झोपलेला असतो. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की जांभळट हिरवा, बोरूएवढा जाड कोंब सरळ वर येतो. सुरुवातीला त्याला पानंच नसतात. हात-दोन हात नुसती दोरी वाढते आणि आधार शोधत हलत राहते. आधार सापडला की तिचा वेग बघण्यासारखा असतो. सकाळी काठीच्या मध्यावर बघितलेलं टोक दोन-तीन दिवसांत काठी ओलांडून जातं.

कोंब दिसला की शेजारी एक काठी रोवून तिला रंगीत कापडाची चिंधी बांधा. पुढे सगळं रान एकमेकांत गुंतलं की ही वेल कुठून निघाली ते याच चिंधीवरून कळतं.

जुलै-ऑगस्ट: पान आणि खोड

खरी ओळख इथे पटते, म्हणून इथे घाई नको.

एक पान देठासकट तोडून हातात घ्या. आकार हृदयासारखा, विड्याच्या पानाची आठवण करून देणारा, पण पातळ आणि बराच मोठा. चांगल्या वेलीचं पान जेवणाच्या छोट्या ताटलीएवढं सहज होतं. देठ जिथे पानाला मिळतो त्या एकाच ठिकाणाहून सात ते अकरा ठसठशीत शिरा निघतात आणि कमानीसारख्या वाकत टोकाकडे जातात. आता पान उजेडासमोर धरा. दोन मोठ्या शिरांच्या मधे बारीक आडव्या शिरा दिसतील, शिडीच्या पायऱ्या घातल्यासारख्या. देठाच्या बुडाशी, खोडाला चिकटलेल्या जागी, दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखा छोटा पापुद्रा असतो आणि तो खोडाला बिलगलेला असतो. हा पापुद्रा एकदा नीट पाहिला की पुढच्या वेळी नजर आपोआप तिकडे जाते.

खोडावरून बोटं फिरवा. ते गोल आणि गुळगुळीत लागतं. काटा नाही, लव नाही, कंगोरा नाही. पानं एकाआड एक, समोरासमोर जोडीने नाहीत. काकडीच्या वेलीला असतात तसले तणावे नाहीत. वेल स्वतःच आधाराला पीळ घालत चढते. पान तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. आला तर ती गारवेलीच्या जातीतली दुसरी कुठलीतरी वेल आहे, तिला विसरा.

कोणाशी गल्लत होते

गुळवेलीशी सगळ्यात जास्त. तिचंही पान हृदयासारखं आणि तीही त्याच आंब्यावर. पण गुळवेलीचं खोड वर्षानुवर्षं टिकतं, बोटाएवढं जाड होतं, त्यावर फोडासारखे ठिपके आणि कागदासारखी सुटणारी साल असते, आणि वरून दोऱ्यासारखी लांब मुळं लोंबतात. गुळवेलीला करांदे लागत नाहीत. इथे चुकलात तर जिवावर बेतत नाही, पण करांद्याचं रान साफ करताना लोक जुनी गुळवेल बुडातून तोडतात, त्याचं वाईट वाटतं.

कोनफळ हे जवळचं भावंड. त्यालाही कधीकधी वर कंद लागतात. पण त्याचं खोड चौकोनी, कडांना पातळ पंख असलेलं, आणि वरची पानं समोरासमोर. करांदा आणि कोनफळ आधाराला उलटसुलट दिशेने पीळ घालतात. दोन्ही वेली शेजारी असतील तर हा फरक पोरांना दाखवा, त्यांना फार आवडतो. कोनफळ खाण्याचंच आहे, त्यामुळे इथेही धोका नाही.

कणगीचं पान करांद्यासारखंच, पण खोडाला काटे आणि वर कंद धरत नाहीत. एका देठावर पाच बोटांसारख्या पाच पाकळ्यांचं पान आणि खोडाला काटे असतील तर ती उलशी, म्हणजे शेंडवेल. तिच्या फुलांची भाजी होते, पण तो वेगळा विषय.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्या दोघी. पहिली वैचांदी. एका देठावर तीन मोठ्या पाकळ्यांचं पान आणि काटेरी खोड. तिचा कंद विषारी आहे. ठाकर, कातकरी, वारली लोकांना तो काप करून, वाहत्या पाण्यात ठेवून, शिजवून खायची रीत माहीत आहे. ती रीत पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, वाचून करायची गोष्ट नाही. तीन पाकळ्यांचं पान दिसलं की हात मागे घ्या.

दुसरी कळलावी, खड्यानाग. तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं सगळ्यांना माहीत असतात, पण फुलं येण्याआधी आणि गेल्यानंतर तिला कोण ओळखतं? पान लांबट, अरुंद, आणि त्याचं टोक स्प्रिंगसारखं वळलेलं असतं. त्या टोकानेच ती आधार धरते. जमिनीखाली तिचा कंद नांगराच्या फाळासारखा, पांढुरका, वरवर रताळ्यासारखा. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि थोडा कंदही माणसाचा जीव घेऊ शकतो. ती पावसाळ्यात करांद्याच्याच बुडाशी उगवते. म्हणून एक नियम डोळे मिटून पाळा: नवख्याने जमिनीतून उकरलेला कुठलाही कंद खायचा नाही. फक्त वेलीवर, पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि खोडाच्या बेचक्यात लागलेला करांदा घ्यायचा, आणि तो तिथे लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. कळलावीला वर कंद येत नाहीत. एवढ्या एका नियमाने मोठा धोका टळतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: करांदा धरतो

गणपतीच्या सुमारास पानाच्या बगलेत वाटाण्याएवढी गाठ दिसते. नवरात्रात ती सुपारीएवढी होते आणि दिवाळीपर्यंत लिंबाएवढी, बटाट्याएवढी, चांगल्या वेलीवर मुठीहूनही मोठी. आकाराला काही धरबंध नाही. काही गोल, काही मूत्रपिंडासारखे, काही एका बाजूने चपटे. साल राखाडी ते तपकिरी, वर बारीक पुटकुळ्या.

तोडायची घाई करू नका. पानं पिवळी पडायला लागली की करांदा तयार झाला. बोटाने हलकेच वर उचलला की देठाची जागा सोडून तो हातात येतो. ओढावा लागला तर अजून कोवळा आहे. सगळ्यात चांगले ते आपोआप पडलेले, फक्त ते तुमच्या चिंधी बांधलेल्या वेलीखालचे असले पाहिजेत. सकाळी झाडाखाली एक फेरी मारायची, पाचोळा पायाने सारायचा आणि वेचायचे. आमच्याकडे हे काम कायम पोरांकडे असे, आणि रात्री कौलावर धप्प आवाज झाला की आजी अंथरुणातूनच म्हणायची, “करांदो पडलो गो.”

लावलेला की रानटी?

लोक सांगतात की लावलेल्या जातीचा करांदा मोठा, साल उजळ आणि गुळगुळीत, तर रानटी लहान, गोल, काळपट आणि खरखरीत. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण यावर भरवसा ठेवून एकदा मी आजारी पडलोय. डोंगराच्या कडेला मोठे, उजळ सालीचे करांदे सापडले, पिशवीभर आणले, उकडले. कडू लागले. दुसरं पाणी घालून पुन्हा उकडले, तरी कडू. एवढी मेहनत केली म्हणून मीठ लावून आम्ही तिघांनी ते खाल्ले. रात्रभर उलट्या झाल्या आणि पहाटे डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कडू लागत होतं तर खाल्लंत कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रानटी करांद्यात डायोसबल्बिन गटातली कडू द्रव्यं असतात आणि ती यकृताला इजा करतात. चीनमध्ये याच वेलीचा जमिनीतला कंद औषध म्हणून वापरतात, आणि तो जास्त घेतल्याने यकृत बिघडल्याची उदाहरणं तिथल्या वैद्यकात नोंदलेली आहेत. उकडल्याने कडवटपणा कमी होतो, पण सगळा जाईलच याची खात्री नाही. म्हणून जीभ सांगते ते शेवटचं. खाण्याच्या करांद्यालाही किंचित कडवट झाक असते, मेथीच्या भाजीला असते तेवढी, आणि खाणाऱ्याला तीच आवडते. त्याहून जास्त कडू, जीभ आक्रसणारं, घशात रेंगाळणारं काही लागलं तर सगळा टोप उकिरड्यावर. मीठ-मसाल्याने कडूपणा झाकायचा प्रयत्नही करू नका.

त्याहून सोपा उपाय म्हणजे शेजारच्या जुन्या घरात जाऊन विचारणं. “काकू, आमच्या परसातली ही वेल कोणी लावलेली?” गावात हे माहीत असतं. लावलेली वेल दरवर्षी त्याच जागी येते, आणि त्या घरात पूर्वी राहणाऱ्यांनी करांदे वाटलेले लोकांना आठवतात.

पहिल्यांदा उकडताना

कच्चा करांदा कधीही खायचा नाही, चाखायचासुद्धा नाही. कच्चा सोलायलाही जाऊ नका. आतला चिकट रस काहींच्या हाताला खाजतो. कापावाच लागला तर हाताला खोबरेल तेल चोळून घ्या.

आधी माती धुऊन काढा. पुटकुळ्यांच्या फटीत ती अडकून बसते, जुना दात घासायचा ब्रश बरा पडतो. एक मोठा करांदा मधोमध कापून बघा. आतला गर फिकट पिवळा किंवा मळकट पांढरा असतो, सालीलगत हिरवट कड दिसते, आणि थोड्या वेळात कापलेली बाजू तांबूस पडते. हे सगळं ठीक आहे. आत काळी, मऊ, वास मारणारी जागा असेल तर तो करांदा टाकून द्या.

मोठ्यांचे दोन तुकडे करा, लहान तसेच राहू द्या. जाड बुडाच्या टोपात घालून वर चार बोटं पाणी आणि मूठभर खडे मीठ. पहिल्या वेळी कुकर वापरू नका. कुकरात पाणी बदलता येत नाही आणि कडूपणा आतच कोंडतो. उघड्या टोपात वीस मिनिटं उकळलं की ते पाणी ओतून टाका, नवं गरम पाणी आणि मीठ घाला, आणि सुरी आरपार जाईपर्यंत उकडा. आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. आमच्याकडे पहिल्या पाण्यात चुलीतली राख फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडतात, त्याने कडवटपणा ओढला जातो. राख निव्वळ लाकडाची हवी. ज्या चुलीत प्लास्टिक, छापील कागद किंवा रंगवलेलं लाकूड जाळलं असेल तिची राख नको.

पाणी निथळून गरम असतानाच साल काढा. ती उकडलेल्या बटाट्यासारखी सुटते, मात्र खालची हिरवट कडही सुरीने खरवडून काढा, सगळ्यात जास्त कडवटपणा तिथेच असतो. आता हरभऱ्याएवढा तुकडा चावा, चव घ्या आणि थुंका. कडू नसेल तर एक फोड खा आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबा. दुसऱ्या दिवशी पोट, घसा सगळं नीट असेल तर त्या वेलीचे करांदे तुमचे. लहान मुलं, गरोदर बायका आणि यकृताचा त्रास असलेल्यांना मात्र परसातल्या अनोळखी वेलीचे करांदे देऊच नका. त्यांना हवे असतील तर नेहमीच्या ओळखीच्या विक्रेतीकडून, लावलेल्या जातीचे आणा. आणि कुणीही रोज उठून खायची ही वस्तू नाही. हंगामात चार-सहा वेळा खाल्ले की झालं.

मग करायचं काय

नुसते खारे करांदे हीच माझ्या मते सगळ्यात चांगली रीत. उकडलेली गरम फोड, वर मीठ, सोबत कोरा चहा. पोत बटाट्यापेक्षा घट्ट, थोडा पिठूळ, चव सुरणाच्या आणि रताळ्याच्या मधली, आणि शेवटी ती कडवट झाक.

उपवासाची भाजी करायची तर तुपात जिरं आणि हिरवी मिरची, त्यावर उकडलेल्या फोडी, मीठ, दाण्याचं कूट, ओलं खोबरं. झाकण ठेवून एक वाफ. वरून लिंबू पिळलं की कडवट झाक मागे हटते, त्यामुळे नवख्यांना मी आधी हीच भाजी खाऊ घालतो.

काप करायचे तर उकडलेल्या करांद्याचे अर्ध्या बोटाएवढे जाड काप, तिखट-हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून दहा मिनिटं मुरवा. तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करा. सुरमईच्या तव्यावर सुरमईनंतर हेच काप टाकले तर शाकाहारी मंडळी रुसतात, पण बाकीचे खूश. रायगडात थंडीत पोपटी लागते, म्हणजे मडक्यात शेंगा भरून जाळावर भाजतात, तेव्हा वालाच्या शेंगांच्या आणि भांबुर्ड्याच्या पाल्याच्या त्या मडक्यात उकडून घेतलेला एखादा करांदा टाकून बघा.

वेल आवरायची कशी

करांदे आवडले म्हणून वेल मोकाट सोडू नका. एका हंगामात ती आंब्याच्या कोवळ्या कलमाला पूर्ण झाकून टाकते आणि खालच्या पानांना उजेड मिळत नाही. तिला वाळकं झाड, बांबूचा मांडव किंवा जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण द्या. जमिनीतला मूळ कंद उकरू नका. तो बहुतेक कडूच असतो, आणि तो राहिला तर पुढच्या वर्षी वेल पुन्हा येते. पडलेले सगळे करांदे मात्र वेचा. राहिलेला प्रत्येक करांदा पुढच्या जूनमध्ये नवी वेल होतो.

याचं टोक अमेरिकेतल्या फ्लॉरिडात दिसतं. तिथे ही वेल १९०५ साली पोहोचली, आणि आता तिने तिथली झाडंच्या झाडं झाकून टाकली आहेत. ती आवरायला आशियातून आणलेला पानं खाणारा लाल भुंगेरा मुद्दाम सोडावा लागला आणि पडलेले कंद वेचायला स्वयंसेवकांच्या मोहिमा निघतात. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना परसात ही वेल दिसली तर गावच्या आठवणीने जीव कासावीस होईल, पण तिथले करांदे खाऊ नका आणि लावू तर मुळीच नका. ते रानटी आणि कडू आहेत.

इथे, आपल्या परसात, पुढच्या वर्षासाठी पाच-सहा चांगले करांदे बाजूला काढा. ज्या वेलीचे खाऊन बघितलेत आणि गोड लागले तिचेच. धुऊ नका, माती झटका आणि बांबूच्या टोपलीत एका थरात पसरून हवेशीर सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवले तर आतून काळे पडतात. खायचे असतील ते फेब्रुवारीपर्यंत संपवा, त्यानंतर कोंबाची जागा फुगायला लागते आणि चव उतरते. लावायचे ते मे अखेरपर्यंत तसेच राहू द्या. पहिला पाऊस पडला की मांडवाच्या प्रत्येक खांबाशी शेणखत घालून एकेक करांदा चार बोटं खोल पुरा, कोंबाची बाजू वर, आणि शेजारी चिंधी बांधलेली काठी रोवायला विसरू नका.